महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षातील अपरिचित शब्द

बारावीनंतर पदवी महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कानांवर पहिल्याच आठवड्यात अनेक नवे शब्द पडतात. घरात पूर्वी कोणी पदवीधर नसेल, तर ते उलगडून सांगणारेही कोणी नसते. म्हणून त्यांतील काहींचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पहिला शब्द श्रेयांक, म्हणजेच क्रेडिट. साधारणतः १५ तासांचे अध्यापन म्हणजे १ श्रेयांक. प्रात्यक्षिकासाठी ३० तास धरले जातात. मात्र नुसते वर्गात बसून तो मिळत नाही, विषयात उत्तीर्ण व्हावे लागते. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ठरविलेल्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२० ते १३२ श्रेयांक लागतात. ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याच्या नावे जमा होतात. या बँकेत व्याज मिळत नाही, पण ठेव साधारणपणे सात वर्षे ग्राह्य राहते.

घरच्या अडचणीमुळे शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलांसाठी ही तरतूद मोलाची आहे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येते. त्यासाठी ४ जादा श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण करावी लागते. हे ठाऊक नसल्याने काही मुले रिकाम्या हाताने घरी बसतात, याचे आम्हांस वाईट वाटते.

सीजीपीए म्हणजे टक्केवारी नव्हे. ४ श्रेयांकांच्या विषयात ८ गुणांक आणि २ श्रेयांकांच्या विषयात ५ गुणांक मिळाले, तर सरासरी साडेसहा नसून ७ येते, कारण मोठ्या विषयाचे वजन अधिक.

एटीकेटी हा शब्द ऐकताच पालक घाबरतात. त्याचा विस्तार ‘अलाउड टू कीप टर्म्स’ असा आहे. राहिलेले विषय सोबत घेऊन पुढील वर्गात जाण्याची ती परवानगी होय. अशा विषयांच्या संख्येला मर्यादा असते आणि ते सुटल्याशिवाय पदवी मिळत नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.

हजेरीबाबत मात्र आम्ही आग्रहाने सांगतो. बारावीपर्यंत खाजगी क्लासवर विसंबून कॉलेज टाळण्याची सवय अनेकांना जडलेली असते. मुंबई विद्यापीठाच्या नियमानुसार ७५ टक्के उपस्थिती आवश्यक आहे; ती नसल्यास परीक्षेस बसू दिले जात नाही. आजारपणाचा वैद्यकीय दाखला परीक्षेच्या तोंडावर न देता लगेच कार्यालयात द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.