हुकूमनाम्याची किंमत

हैदराबादेत अंबरपेठेला आमच्या थोरल्या आत्याबाईंचे जुने घर होते. गेल्या वर्षी ते पाडायला काढले, तेव्हा सामान हलवण्यासाठी मी शाळेतून दोन दिवसांची रजा घेऊन गेलो. माळ्यावरची गंजलेली ट्रंक खाली उतरवली, तर तळाशी लाल फडक्यात गुंडाळलेला एक कागद निघाला. मजकूर उर्दू, वर शिक्का. मला ती लिपी येत नाही. गल्लीतल्या एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी तो वाचून दाखवला.

ती एका हुकूमनाम्याची नक्कल होती. साल १३४१ फसली, म्हणजे इसवी सन १९३१-३२. भालकी तालुक्यातल्या आमच्या गावच्या एका कुणब्याने आमच्या पणजोबांना ४१२ हाली रुपये द्यावेत, असा मुन्सफाचा निवाडा होता. मागच्या कोऱ्या बाजूला पणजोबांच्या हातच्या मोडीतल्या दोन ओळी होत्या. त्या मात्र मला लागल्या : सदरहू हुकूमनामा एका सावकारास रोख ९० रुपयांस विकला.

रुपयाला साडेतीन आणे! सरकारी शिक्क्याच्या कागदाला एवढाच भाव? माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला तो इथे.

हुकूमनामा विकता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पण ब्रिटिश हिंदुस्थानातल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याची सोय होती, आणि तीच संहिता आज आपल्याकडे लागू आहे. लेखी दस्ताने विकत घेणारा मूळ धन्याच्या जागी उभा राहतो आणि स्वतःच्या नावाने बजावणीची दरखास्त देऊ शकतो. मात्र कोर्टाने दोघांना, म्हणजे विकणाऱ्याला आणि देणेकऱ्याला, आधी नोटीस द्यावी लागते. देणेकऱ्याच्या ज्या न्याय्य तक्रारी मूळ धन्याविरुद्ध चालल्या असत्या, त्या नव्या धन्याविरुद्धही चालतात.

मग भाव एवढा का पडतो? कारण निवाडा म्हणजे पैसा नव्हे, पैसा मागण्याचा परवाना. पुढे दरखास्त, मुद्रांक, वकिलाची फी, बेलीफाचा भत्ता, तालुक्याचे हेलपाटे. जप्ती न्यावी तर घालायची कशावर? अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याची अवजारे आणि बैल या गोष्टी या कायद्याने जप्तीतून वगळल्या आहेत. लिलाव पुकारला तर भावकीतला माणूस बोली बोलायला धजत नाही. त्यातून तो जागतिक मंदीचा काळ. धान्याचे भाव कोसळलेले. थकलेल्या पणजोबांच्या हाती तो कागद ९० चाच होता. सावकाराचे तसे नव्हते. बाजारपेठेत त्याचे दुकान होते, त्या कुणब्याचे बी-बियाण्याचे खातेही त्याच्याच वहीत होते. शिवाय त्याला थांबायला वेळ होता. म्हणून तोच कागद त्याच्या हाती ४१२ चा झाला.

हे दुखणे जुने आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू रयतेच्या भल्याचा होता. परंतु सावकार दर तीन वर्षांनी व्याजासह नवा रोखा लिहून घेऊ लागले किंवा कोर्टात धाव घेऊन हुकूमनामा मिळवू लागले. पुढे अमेरिकेतल्या यादवीमुळे चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर उतरले आणि दख्खनचा कुणबी पुरता अडकला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्यावर दीडशे रुपयांच्या देण्यापायी हुकूमनामा बजावला आणि त्यांचे राहते घर पाडायला घेतले. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसएक गावांत त्याचे लोण पोचले. लोकांचा रोख माणसांपेक्षा दप्तरांवर होता. रोखे आणि हुकूमनामे हिसकून त्यांची होळी केली गेली. ज्याला अक्षर वाचता येत नव्हते, त्यालाही कोणता कागद आपला गळा आवळतो ते नेमके ठाऊक होते!

सरकारने धडा घेतला. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. न्यायाधीशाने रोख्यावरचा आकडा प्रमाण न मानता व्यवहाराच्या मुळाशी जावे, हप्ते बांधून द्यावेत, आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालू नये, असे त्यात ठरले.

आमचा मुलूख निजामाचा. सालारजंगांच्या सुधारणांपूर्वी तिथे अरब आणि रोहिले वसुली करीत, देणेकऱ्याला आपल्याच वाड्यात डांबून ठेवीत. त्या मानाने मुन्सफाचा कागद ही प्रगतीच म्हणायची. पण त्याची भाषा उर्दू, आणि ज्याच्यावर तो बजावायचा तो कुणबी मराठी. आपल्या सीमाभागातल्या घरांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

कायदे बदलले, भाव फारसा बदलला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावणीचे काम सहा महिन्यांत संपवा असे बजावले. तरी २०२५ मध्ये त्याच न्यायालयापुढे आलेल्या आकड्यांनुसार देशभर ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती पडून होत्या. इकडे २००२ च्या कायद्यापासून बँका आपली बुडीत कर्जे खास कंपन्यांना विकू लागल्या, तीही पुष्कळदा मूळ रकमेच्या अंशाने. आमच्या पणजोबांनी केले तेच, फक्त आकड्यांवरची शून्ये वाढली.

त्या कुणब्याचे पुढे काय झाले, हे आत्याबाईंनी आजीकडून ऐकले होते. सावकाराने विहिरीकाठचे रान लिलावात घेतले. कुणबी बायकामुलांसह गाव सोडून गेला. त्याआधी तो पणजोबांकडे आला होता : शंभर रुपये घ्या, दोन सुगींत फेडतो, पण कागद फाडा. पणजोबा म्हणाले होते, "पुरते चारशेबारा आण." आणि चारच महिन्यांनी त्यांनी सावकाराकडून ९० घेतले. त्या रानाला गावात अजून त्या कुणब्याच्याच नावाने ओळखतात.

हा कागद मी नववीच्या वर्गात नेला. सगळी हकिकत सांगितली, साडेतीन आण्यांचा हिशेब फळ्यावर मांडला. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, नव्वदलाच द्यायचा होता, तर त्यालाच का नाही दिला?"

तीस वर्षे इतिहास शिकवतो आहे. कायदा आड येत नव्हता; आपसात तडजोड करून ती कोर्टात नोंदवली असती की काम झाले असते. आड आले ते काय, हे मला माझ्याच घराण्याबद्दल बोलायचे होते. मी त्या मुलीला "बस" म्हणालो नाही. तिला उभीच ठेवून सांगितले, "आमच्या पणजोबांना त्याच्याकडून कमी घेणे कमीपणाचे वाटले. सावकाराकडून घेणे वाटले नाही."