घोडा धडधाकट, रोग वीर्यात

आपल्या गोंदियाकडं घोडा दिसतो तो बहुतेक वरातीतच, तरी गाई पाळणाऱ्यांनी हे वाचावं. 1953 साली अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ब्युसायरस गावी पैदाशीच्या घोड्या गाभडल्या. पडलेल्या गर्भाच्या फुप्फुसात नवाच विषाणू सापडला. पण तो दडतो कुठं, हे 1984 च्या केंटकीतल्या साथीनंतर नीट उमगलं. नर घोडा बरा होतो, खातो-पितो, अंगावर काही खूण नाही. वीर्यातून मात्र विषाणू वर्षानुवर्षं जाऊ शकतो. घोडीत तो असा टिकत नाही.

मग ओळखायचं कसं? आधी रक्त. लस दिलेली नसताना रक्तात प्रतिपिंडं दिसली, की वीर्याचा नमुना घेतात आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर टाकतात. विषाणू असला की पेशी मरतात. दुसरी रीत आपल्या डोक्यात लगेच बसेल अशी: दोन निरोगी घोड्या त्याच्याकडून भरवायच्या, 28 दिवसांनी त्यांचं रक्त पाहायचं. आता पीसीआरनं उत्तर लवकर मिळतं.

गाईत आयबीआरचा विषाणूही वीर्यातून जातो. नायट्रोजनच्या उणे 196 अंशांत वीर्य टिकतं, तसा तोही टिकतो. म्हणून वीर्यकेंद्रावरच्या वळूंची तपासणी लागते. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. रेतन झालं की मी रिकामी कांडी मागून घेतो अन् नंबर वहीत उतरवतो.