यकृतशोथ : तपासणी व उपचारजोडणीचा सार्वजनिक खर्च (मुनिरका, दिल्ली)

विषाणुजन्य यकृतशोथाची (हिपॅटायटिसची) मोफत तपासणी करणे आणि तपासणीत सापडलेल्या माणसाला डॉक्टरपर्यंत व औषधापर्यंत नेऊन पोहोचवणे, या दोन कामांवर सरकार करीत असलेला खर्च. दुसऱ्या कामाला आरोग्य खात्याच्या कागदपत्रांत ‘लिंकेज’ म्हणतात. या नोंदीत त्यासाठी ‘उपचारजोडणी’ हा शब्द वापरला आहे. तपासणीचा खर्च मोजायला सोपा असतो, कारण किट विकत घ्यावे लागते आणि त्याची पावती असते. जोडणीचा खर्च मात्र माणसांच्या वेळेत विरघळलेला असतो, आणि हा कार्यक्रम बहुधा तिथेच अडखळतो.

मुनिरका हे दक्षिण दिल्लीतील मूळचे टोकस गोत्राच्या जाटांचे गाव. शहराने ते चारही बाजूंनी वेढले. आता एकीकडे अरुंद गल्ल्यांतील चार-पाच मजली भाड्याच्या इमारती, दुसरीकडे दिल्ली विकास प्राधिकरणाची सदनिका-वसाहत, आणि लागूनच जवाहरलाल नेहरू विद्यापीठ अशी तिथली रचना आहे. ईशान्य भारतातून आलेली तरुण मुले-मुली, बिहार-उत्तर प्रदेशातील कामगार, महाराष्ट्रातून शिकायला गेलेले विद्यार्थी, सगळे तिथे खोल्या घेऊन राहतात. राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्था मुनिरक्यातच बाबा गंगनाथ मार्गावर आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) व सफदरजंग ही केंद्र सरकारची रुग्णालये आणि वसंतकुंजातील दिल्ली सरकारची यकृत व पित्त विज्ञान संस्था (आयएलबीएस) तिथून थोड्याच किलोमीटरांवर आहेत. यकृताच्या रोग्याला इतक्या जवळ इतकी साधने भारतात फार थोड्या ठिकाणी मिळतात. म्हणूनच जोडणीचा प्रश्न केवळ अंतराचा नाही, हे मुनिरक्याच्या उदाहरणातून नीट दिसते.

यकृतशोथाचे पाच मुख्य विषाणू आहेत : ए, बी, सी, डी आणि ई. ए आणि ई दूषित पाण्या-अन्नातून येतात, डोळे पिवळे करतात आणि बहुतेकांत आपोआप बरे होतात. आपल्याकडे काविळीची माळ घालणे, कावीळ ‘उतरवणे’ हे उपचार टिकून राहिले त्याचे कारण हेच : आजार स्वतःहून ओसरतो आणि श्रेय माळेला जाते. बी आणि सी रक्तातून, असुरक्षित सुयांतून, प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला असे पसरतात. बी शरीरसंबंधांतूनही पसरतो. हे दोन विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहूनही बऱ्याचदा कावीळ दाखवत नाहीत. माणसाला कळते तेव्हा यकृत कठीण झालेले असते, पोटात पाणी साठलेले असते, किंवा कर्करोग झालेला असतो. ज्याला लक्षणच नाही तो दवाखान्यात येणार नाही. त्याच्यापर्यंत तपासणीलाच जावे लागते. सार्वजनिक पैशाची गरज इथून सुरू होते.

दिल्लीला या आजाराचा जुना अनुभव आहे. १९५५ च्या नोव्हेंबरात नजफगढ नाल्याचे सांडपाणी यमुनेतून वजिराबादच्या जलकेंद्रात शिरले आणि दोन महिन्यांत सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये मृत्यूचे प्रमाण जास्त होते. ती साथ ‘ए’ विषाणूची असे तेव्हा मानले गेले. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील खुर्शीद पावरी, एम. ए. श्रीनिवासन व एस. आर. प्रसाद यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांसह तपासले. विषाणू ‘ए’ नव्हता आणि ‘बी’ही नव्हता, असा त्यांचा निष्कर्ष १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच विषाणूला पुढे ‘ई’ हे नाव मिळाले. नमुने सांभाळून ठेवण्यावर झालेला सरकारी खर्च पाव शतकानंतर फळाला आला.

‘सी’ विषाणू १९८९ मध्ये सापडला. त्यावरचा जुना उपचार म्हणजे इंटरफेरॉनची इंजेक्शने : सहा महिने ते वर्षभर, ताप व अशक्तपणा सोसून, आणि तरीही अनेकांत अपयश. २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर ही गोळी आली. बारा आठवड्यांची किंमत ८४,००० डॉलर होती. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने मिळाले आणि स्पर्धेमुळे दर झपाट्याने कोसळले. बारा आठवड्यांचा पूर्ण उपचार ६० डॉलरमध्ये होऊ शकतो असे जागतिक आरोग्य संघटना आता सांगते. भारतात या स्वस्ताईचा पहिला मोठा सरकारी उपयोग पंजाबने केला. २०१६ मध्ये तिथे मुख्यमंत्री मदत निधीतून जिल्हा रुग्णालयांत ‘सी’चा उपचार मोफत सुरू झाला. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने जिल्ह्यांतील सामान्य फिजिशियनना शिकवून तयार केले. यकृततज्ज्ञाशिवायही हा रोग बरा करता येतो, हे पंजाबने दाखवले. राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया तिथे घातला गेला असे म्हणायला हरकत नाही.

राष्ट्रीय विषाणुजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी, जागतिक हिपॅटायटिस दिनी सुरू झाला. ‘बी’ विषाणूचा शोध लावणारे बारूक ब्लुमबर्ग यांचा तो जन्मदिवस. २०३० पर्यंत ‘सी’चे उच्चाटन आणि ‘बी’मुळे होणारे आजार व मृत्यू कमी करणे ही उद्दिष्टे ठरली. पैसा राष्ट्रीय आरोग्य अभियानातून येतो. राज्य आराखडा पाठवते, केंद्र त्यातील बाबी मंजूर करते आणि रक्कम राज्याच्या आरोग्य सोसायटीमार्फत खाली उतरते. महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्र व राज्य यांचा वाटा ६०:४० असतो, ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांत ९०:१०. त्यातून तपासणीची किट, विषाणूभार मोजण्याचा खर्च, औषधे, प्रशिक्षण आणि काही पदांचे मानधन भागते. जिल्हा पातळीवर उपचार केंद्रे असतात आणि गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी मोठ्या रुग्णालयांत आदर्श उपचार केंद्रे.

मुनिरक्यातील माणसासाठी मात्र सरकार एक नाही. एम्स व सफदरजंग थेट केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अंदाजपत्रकावर चालतात. आयएलबीएस दिल्ली सरकारची स्वायत्त संस्था आहे आणि तिथल्या अनेक सेवांना शुल्क आहे. महानगरपालिकेचे दवाखाने वेगळे आणि केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना वेगळी. एका खात्याने केलेली तपासणी दुसऱ्या खात्याच्या खिडकीवर ग्राह्य धरली नाही, तर चाचणी पुन्हा होते आणि रुग्णाचा आणखी एक दिवस मोडतो.

‘सी’च्या रुग्णाचा प्रवास असा असतो. बोटातील रक्ताच्या थेंबावर रॅपिड चाचणी. ती प्रतिपिंड दाखवते, म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात येऊन गेला एवढेच. काहींमध्ये तो आपोआप निघूनही गेलेला असतो. म्हणून विषाणूभाराची (व्हायरल लोडची) दुसरी चाचणी लागते. क्षयरोगासाठी घेतलेली जीनएक्स्पर्ट व ट्रूनॅट यंत्रे तिच्यासाठीही वापरता येतात. खाजगीत या चाचणीला काही हजार रुपये पडतात. मग यकृत किती कठीण झाले याचा अंदाज. त्यासाठी नेहमीच्या रक्तचाचण्यांतील आकडे व वय यांवरून गणित करता येते. यकृत निबर झालेले नसेल तर सोफोसबुव्हिर व डॅक्लाटॅस्विर, रोज, बारा आठवडे. निबर झाले असेल तर सोफोसबुव्हिर व व्हेलपाटॅस्विर. औषध संपल्यावर बारा आठवडे थांबून पुन्हा विषाणूभार. तो नसेल तर रुग्ण बरा झाला. एकूण साधारण सहा महिने, आणि प्रत्येक टप्प्याला एक खेप.

या खेपांमध्ये माणसे गळतात. रोजंदारीवरच्या माणसाला ओपीडीची सकाळ म्हणजे दिवसाची मजुरी. भाडेकरू सहा महिन्यांत खोली बदलतो, सिमकार्ड बदलतो, गावी जातो. सुई टोचून नशा करणाऱ्यांना नोंदणीच्या रांगेत मिळणारी वागणूक त्यांना परत येऊ देत नाही. त्यावरचे उपाय ठाऊक आहेत : रॅपिड चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच बैठकीत दुसऱ्या चाचणीसाठी रक्त घ्यावे, रुग्णाऐवजी नमुना प्रवासाला पाठवावा, फोन करणारा, सोबत जाणारा, शक्य तर या आजारातून स्वतः बरा झालेला माणूस नेमावा. युनिटएड या आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या निधीतून फाइंड या संस्थेने दिल्लीच्या सरकारी रुग्णालयांत व पॉलिक्लिनिकांत हाच मार्ग घेतला होता : रक्त रुग्णाजवळच्या केंद्रात घ्यायचे आणि विषाणूभार आयएलबीएसच्या प्रयोगशाळेत मोजायचा. राष्ट्रीय कार्यक्रमातही रुग्णांना साथ देणाऱ्या सहायकाचे पद आहे. ते पद रिकामे राहिले तर किट आणि गोळ्यांवरचा खर्च अर्ध्या वाटेत वाया जातो. आराखड्यात काटछाट करायची वेळ आली तर या पदाला शेवटी हात लावावा, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे.

‘बी’चे गणित निराळे आहे. दीर्घकालीन झाला की तो सहसा पूर्ण बरा होत नाही. टेनोफोव्हिर किंवा एंटेकॅव्हिर बहुधा दीर्घकाळ घ्यावे लागते, आणि ज्यांना लगेच औषध नको त्यांनाही ठरावीक मुदतीने तपासत राहावे लागते. इथे जोडणी आयुष्यभराची असते. म्हणून प्रतिबंधावरचा खर्च सर्वांत मोलाचा. गर्भवतीची तपासणी, जन्मानंतर २४ तासांच्या आत बाळाला लस आणि आई बाधित असेल तर सोबत इम्युनोग्लोब्युलिन. ही लस २००२ पासून प्रायोगिकरीत्या व २०११ पासून देशभर सार्वत्रिक लसीकरणात आहे. ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. उष्णतेपेक्षा तिला गोठण्याची भीती अधिक. गोठली की तिच्यातील ॲल्युमिनियमचा क्षार गुठळ्या धरतो आणि लस निकामी होते. ही शीतसाखळी सांभाळणाऱ्यांना शिकवणारे राष्ट्रीय केंद्र मुनिरक्यातील राष्ट्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण संस्थेतच आहे. गडचिरोलीतील आरोग्य केंद्रात लसीच्या पेटीत बर्फाची पिशवी कशी ठेवायची, याचा मुनिरक्याशी असा संबंध आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २०२२ मध्ये २.९८ कोटी लोकांना ‘बी’चा आणि ५५ लाख लोकांना ‘सी’चा दीर्घकालीन संसर्ग होता. ‘सी’च्या रुग्णांपैकी २८ टक्क्यांचे निदान झाले होते, ‘बी’च्या रुग्णांपैकी अवघ्या २.४ टक्क्यांचे. रक्तपेढ्यांत ‘सी’ची सक्तीची तपासणी या शतकाच्या सुरुवातीस आली. त्यापूर्वी ज्यांना रक्त दिले गेले, ज्यांचे डायलिसिस चालू आहे, ज्यांनी कधी दुसऱ्याची सुई वापरली, ज्यांच्या आईला वा भावंडाला ‘बी’ आहे, त्यांनी ‘बी’ व ‘सी’ या दोन्हींच्या चाचण्या एकदा करून घ्याव्यात. कार्यक्रमाच्या केंद्रांवर त्यांचे पैसे पडत नाहीत, आणि औषधाचेही नाहीत.