'चंद्रकांता' : रुष्ट वाचक आणि तृप्त प्रेक्षक

दूरदर्शनच्या राष्ट्रीय वाहिनीवर १९९४ साली सुरू झालेल्या नीरजा गुलेरी यांच्या 'चंद्रकांता' या मालिकेचे स्वागत दोन परस्परविरोधी रीतींनी झाले. देवकीनंदन खत्री यांची मूळ कादंबरी वाचलेल्यांची तक्रार एकच होती : पुस्तकात असे काही नाही. ज्यांनी ती वाचली नव्हती, त्यांनी मात्र रविवारची सकाळ या मालिकेच्या नावे लिहून दिली आणि कथेतील एका दुय्यम दुष्टाला गल्लोगल्लीचा नायक करून टाकले. वाङ्मयेतिहासात लेखक येतो, ग्रंथ येतो, क्वचित टीकाकारही येतो. वाचकाचा राग आणि प्रेक्षकाचा आनंद मात्र सहसा नोंदला जात नाही. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया वाङ्मयीन पुरावा म्हणून वाचल्या पाहिजेत. प्रस्तुत लेखात तसा प्रयत्न केला आहे.

हा प्रश्न आम्ही भंडारा जिल्ह्यातील तुमसरच्या बाजूने पाहत आहोत, यास कारण आहे. हिंदी कादंबरीचे प्रकरण मराठी अभ्यासकांनी दुरून पाहावे, अशी या भागाची स्थिती नाही. तुमसर तालुक्याची हद्द मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याला लागते. तुमसरहून निघणारा रेल्वेचा फाटा थेट तिकडच्या तिरोडीला जातो. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. घरात झाडीबोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात हिंदी असा व्यवहार येथे जुनाच आहे. त्यामुळे खत्रींच्या कादंबऱ्या वाचण्यासाठी येथील वाचकाला भाषांतराची वाट पाहावी लागली नाही. शिवाय तालुक्यातच आंबागडचा किल्ला आहे. देवगडच्या गोंड राजवटीत तो उभा राहिला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांच्या काळात तुरुंग म्हणून वापरला गेला. रान, पडका कोट आणि त्यातील तळघरांच्या दंतकथा ज्याच्या परिचयाच्या आहेत, त्याला नौगढ आणि विजयगढ परके वाटण्याचे कारण नव्हते.

खत्री (१८६१–१९१३) यांच्या आयुष्यातही रान होतेच. काशीनरेशांच्या राज्यातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचे ठेके त्यांनी घेतले होते. त्या निमित्ताने हिंडताना जी खंडहरे आणि डोंगरदऱ्या त्यांनी पाहिल्या, त्यांतून 'चंद्रकांता' उभी राहिली. १८८८ साली तिचे प्रकाशन सुरू झाले. पुढे 'चंद्रकांता संतति'चे चोवीस भाग आले. त्यानंतरचे 'भूतनाथ' अपुरे असतानाच खत्री निवर्तले आणि ते त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पुरे केले. ही कादंबरी वाचता यावी एवढ्याचसाठी कित्येक उर्दू जाणणारे लोक हिंदी शिकले, असे आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या 'हिंदी साहित्य का इतिहास' (१९२९) या ग्रंथात नमूद केले आहे.

आता वाचकांच्या रागाकडे वळू. तो केवळ स्मरणरंजनाचा होता असे आम्हांस वाटत नाही. खत्रींनी वाचकाशी एक करार केला होता : अद्भुत कितीही दाखवीन, पण प्रत्येक अद्भुताचा हिशेब देईन. त्यांचा ऐयार मंत्र म्हणत नाही. त्याच्या बटव्यात गुंगीची औषधे असतात, शुद्धीवर आणण्यासाठी लखलखा असतो, वेश पालटण्याचे साहित्य असते. तिलिस्म म्हणजे मायानगरी नव्हे. पूर्वजांनी खजिना राखण्यासाठी कुशल कारागिरांकडून करवून घेतलेली यंत्रांची आणि भुयारांची रचना होय. ती फोडण्याची कृती लिहिलेला ग्रंथसुद्धा कथेतच सापडतो. ऐयारांच्या चातुर्यामुळे राजांची भांडणे रक्तपाताविना मिटत, असे खत्रींनी प्रस्तावनेत सांगितले आहे. आणि पकडलेल्या ऐयाराला ठार मारू नये, कैदेत ठेवावे, असा या कथाविश्वाचा दंडक आहे. तात्पर्य, येथे शक्तीपेक्षा युक्तीला मान आहे. वाचक दर पानावर स्वतःला विचारतो : हे कसे घडले असेल? आणि त्याला खात्री असते की उत्तर मिळणार आहे.

मालिकेने हा करार मोडला. चुनारगढचा महत्त्वाकांक्षी राजा शिवदत्त पडद्यावर 'विषपुरुष' झाला. जादू खरीखुरी जादू झाली. कादंबरीत ज्यांचा मागमूस नाही अशी पात्रे आणि उपकथानके वाढत गेली. इरफान खान यांनी रंगविलेल्या बद्रीनाथ ऐयाराच्या जोडीला सोमनाथ नावाचा जुळा भाऊही आला. मालिका जितकी लांबली तितके मूळ कथानक धूसर झाले. जुन्या वाचकाला जे बोचले ते पात्रांचे बदललेले पोशाख नव्हेत. कोडे सोडविण्याचा त्याचा अधिकार गेला, हे त्याचे खरे दुःख होते. जेथे काहीही घडू शकते, तेथे तर्क करण्यात अर्थ उरत नाही; वाचकाचा प्रेक्षक होतो तो असा.

येथवर वाचकाची बाजू बळकट दिसते. पण इतिहास थोडा मागे नेला की प्रकरण पालटते. ऐयार आणि तिलिस्म या दोन्ही गोष्टी खत्रींनी निर्माण केलेल्या नाहीत. त्या फारसी-उर्दू दास्तानांच्या परंपरेतून आलेल्या आहेत. अमीर हमजाच्या दास्तानातील अमर ऐयार हा या साऱ्या ऐयारांचा मूळ पुरुष होय. लखनौच्या नवलकिशोर प्रेसने 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे अवाढव्य खंड छापावयास घेतले तेही १८८० च्याच दशकात. त्या दास्तानांत जादूगार खरेच जादू करतात, तिलिस्म खरेच मंत्रबळाने उभे असतात, आणि उपकथानकांना अंत नसतो. कारण श्रोता पुढल्या रात्रीही यावा, हीच कथकाची गरज असते. खत्रींनी या परंपरेतून जादू गाळली आणि तिच्या जागी यंत्र व औषध आणले. मालिकेने ती गाळलेली जादू पुन्हा आत घेतली. ज्याला वाचक मूळ कथेचा विपर्यास म्हणत होते, ते दुसऱ्या बाजूने पाहता मुळाच्याही मुळाकडे परतणे होते. मालिकाकर्त्यांनी हे जाणून केले असेल असे आम्ही म्हणत नाही. दर आठवड्याला सांगावयाची कथा आपोआप दास्तानाच्या वळणावर जाते, एवढेच आमचे म्हणणे.

प्रेक्षकांच्या आनंदाचेही असेच आहे. कादंबरीतील क्रूरसिंह हा विजयगढच्या दिवाणाचा कारस्थानी मुलगा. पडद्यावर अखिलेंद्र मिश्र यांनी त्याला जाड, वर वळलेल्या भुवया, विलक्षण वेशभूषा आणि 'यक्कू' हा उद्गार दिला, आणि राजकुमार वीरेंद्रसिंहापेक्षा तोच लोकांच्या अधिक ध्यानात राहिला. शाळकरी पोरे उठताबसता 'यक्कू' म्हणू लागली. आता यास अभिरुचीचा ऱ्हास म्हणून मोकळे होता येईल. परंतु भंडारा-गोंदियापासून गडचिरोलीपर्यंतच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई भरते. दंडार, खडीगंमत आणि रात्रभर चालणारी नाटके होतात. तेथील प्रेक्षकाला ठसठशीत रंगभूषेचा, ठरावीक उद्गाराने टाळी घेणारा खलनायक नवा नाही. दुष्टाला भ्यावे आणि त्याच्यावर मनमुराद हसावेही, ही रीत त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. अशा प्रेक्षकाने क्रूरसिंहाला उचलून धरले असेल तर ती भोळेपणाची खूण नव्हे. एका जुन्या रंगपरंपरेची ओळख त्याने नव्या पडद्यावर पटवून घेतली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

मराठी समीक्षेने या प्रकाराकडे का पाहिले नाही, याचेही उत्तर इतिहासात आहे. 'मुक्तामाला' (१८६१) आणि 'मंजुघोषा' (१८६८) या आमच्याकडील आरंभीच्या अद्भुतरम्य कादंबऱ्या. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांविषयी लिहिलेल्या निबंधात अशा लेखनातील असंभाव्यतेवर बोट ठेवले. पुढे हरिभाऊ आपट्यांनी सामाजिक वास्तवाची वाट रुंद केली आणि अद्भुत हे बालवयाचे लक्षण ठरले. बनारसमध्ये तिलिस्माची दारे उघडत होती, त्याच सुमारास पुण्यात 'पण लक्षात कोण घेतो' आकार घेत होती. हरिभाऊंचे मोठेपण आम्हांस मान्यच आहे. परंतु त्या मापाने मोजू लागल्यावर लाखो वाचकांचे वाचन मोजण्यापलीकडे गेले. शुक्लांनीदेखील खत्रींच्या कथांना साहित्याच्या कोटीत बसविले नाही. तथापि त्यांच्याइतके वाचक दुसऱ्या कोणीच निर्माण केले नाहीत, ही नोंद त्यांनी प्रामाणिकपणे केली. आमच्याकडील इतिहासग्रंथांत अशी नोंद सहसा आढळत नाही.

याचा पुढला अध्याय २०१७ मध्ये घडला. त्या वर्षी दोन वाहिन्यांनी दोन नव्या 'चंद्रकांता' आणल्या. तेव्हाही तक्रार उठली की ही मुळासारखी नाही. मात्र या वेळी 'मूळ' म्हणजे खत्रींची कादंबरी नव्हती. मूळ म्हणजे १९९४ ची मालिका होती. तेवीस वर्षांपूर्वी जिला विपर्यास म्हटले गेले, तीच आता प्रमाण ठरली. पाश्चात्त्य जगातही याचे प्रतिबिंब दिसते. जॉर्ज मार्टिन यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथमालेवरील 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका ग्रंथांच्या पुढे निघून गेली, आणि २०१९ साली तिचे अखेरचे पर्व नव्याने करावे अशा मागणीवर दहा लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. कथा अपुरी असली की तिच्या शेवटावर प्रत्येक जण हक्क सांगतो. 'भूतनाथ' पुरे करणाऱ्या दुर्गाप्रसादांपुढेही हाच प्रश्न उभा होता. सह्या गोळा करण्याची सोय तेव्हा नव्हती, इतकेच.

म्हणून 'मूळ' ही वस्तू ग्रंथालयाच्या कपाटात स्थिर पडलेली आहे, असे गृहीत धरून रूपांतराचा विचार करता येणार नाही. प्रत्येक पिढीचे मूळ तिला प्रथम भेटलेल्या कथेत असते, आणि ते कोणते होते हे त्या पिढीलाच विचारावे लागते. ज्यांनी आधी पुस्तक वाचले आणि मग मालिका पाहिली, ते वाचक आता वार्धक्याकडे झुकले आहेत. तुमसर, भंडारा, गोंदिया, बालाघाट या पट्ट्यात त्यांतील अनेक जण हिंदीत वाचणारे आणि मराठीत बोलणारे आहेत. त्यांच्या वाचनाची नोंद ना हिंदीच्या इतिहासात आहे, ना मराठीच्या. येथील महाविद्यालयांतील मराठी आणि हिंदी विभागांनी एकत्र येऊन एखाद्या वर्षी प्रकल्पाचा विषय म्हणून ती घ्यावी, असे आम्ही सुचवितो. चार साधे प्रश्न पुरेत : पुस्तक कोठून मिळाले, कोणत्या वयात वाचले, पडद्यावर काय खटकले आणि काय आवडले. ही उत्तरे आज मिळतील. आणखी वीस वर्षांनी ती देणारे कोणी नसेल.