श्वानाची जात आणि धन्याची जबाबदारी

कुत्र्याविषयीची आपली वृत्ती मोठी विसंगत आहे. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी असलेल्या चार श्वानांस आपण चार वेद मानतो, खंडोबाच्या श्वानासही हात जोडतो. आणि देवळाबाहेर येताच पायरीवरल्या कुत्र्यावर दगड उगारतो. अमुक जात क्रूर, तमुक भेकड, असे शिक्केही आपण सहज मारतो. त्या शिक्क्यांचा इतिहास पाहिला, तर दोष बहुधा मनुष्याच्याच पदरी येतो.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहू. ज्यांच्या नावावरून अहमदनगरचे आज अहिल्यानगर झाले, त्या अहिल्याबाई होळकरांचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडी येथे धनगर कुळात झाला. ह्या जिल्ह्यातील माळरानांवर लांडग्यांचा वावर पूर्वापार आहे. त्यामुळे उघड्यावर रात्र काढणाऱ्या मेंढपाळास कुत्र्यावाचून गत्यंतर नाही. अपरिचित पाऊल वाजले की भुंकून अंगावर जाणे, हेच त्या कुत्र्याचे कर्तव्य. वाटसरू मात्र त्यास 'चावरा' म्हणून मोकळा होतो. कळपातील कोकरू त्याच्या अंगाला अंग लावून निजते, हे त्याच्या दृष्टीस पडत नाही.

दुसरे उदाहरण कारवानी, म्हणजेच मुधोळ जातीच्या कुत्र्याचे. निमुळते तोंड, खोल छाती, बारीक कंबर आणि लांब पाय अशी त्याची ठेवण. नजरेने सावज हेरून मोकळ्या रानात त्याचा पाठलाग करण्यासाठी ही जात घडली. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी तिचे संवर्धन केले. मालोजीराजे घोरपडे यांनी १९१० ते १९३६ ह्या काळात राज्य करणाऱ्या पंचम जॉर्ज बादशहांस तिची जोडी नजर केली. २००५ साली टपाल खात्याने ह्या जातीचे तिकीट काढले आणि २०१६ साली लष्कराने मेरठच्या केंद्रात तिची पिले शिक्षणासाठी नेली. असा हा प्राणी शहरातील अरुंद अंगणात साखळीला बांधला, की शेजारी त्यास 'उपाशी' आणि 'रोडका' म्हणतात. परक्याचा स्पर्श त्यास रुचत नाही, म्हणून तो 'माणूसघाणा' ठरतो. आणि सुटून धावला, तर 'उनाड'!

परदेशी जातींचीही कथा निराळी नाही. रॉटवायलर हा मूळचा जर्मनीतील रॉटवाइल गावच्या खाटकांचा गुरे हाकणारा व गाडी ओढणारा कुत्रा. पिटबुलचे पूर्वज इंग्लंडात बांधलेल्या बैलावर सोडले जात. तो खेळ तेथील कायद्याने १८३५ साली बंद केला. परंतु करमणुकीसाठी कुत्रे झुंजविण्याची हौस कुत्र्यांची नव्हती, ती माणसांची होती. १२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने अशा तेवीस जाती पाळण्यास मनाई करण्याविषयी परिपत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते १० एप्रिल २०२४ रोजी रद्दबातल ठरविले.

ह्याचा अर्थ धोका नाहीच, असा मात्र नव्हे. बळकट जबड्याच्या कुत्र्याचा चावा लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. आणि पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली, म्हणजे रोगी सहसा वाचत नाही. म्हणूनच धन्याची जबाबदारी थोर आहे. कुत्रा घेण्यापूर्वी त्याची जात कोणत्या कामासाठी घडली, हे जाणून घ्यावे. आठ आठवड्यांच्या आतील पिलू विकण्यास २०१७ च्या नियमांनी मनाई आहे. तसे पिलू स्वस्तात मिळाले, तरी घेऊ नये. त्यास लहानपणापासून माणसांत वावरू द्यावे, नित्य पळवावे, दरसाल लस टोचावी, रस्त्यावर नेताना दोरी हातात ठेवावी आणि लहान मुलांजवळ एकटे सोडू नये. एवढे करूनही चावा झालाच, तर जखम तत्काळ साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन दवाखाना गाठावा.

ज्यास एवढे करणे शक्य नसेल, त्याने केवळ प्रतिष्ठेसाठी उमदा कुत्रा दारात बांधू नये. मेंढपाळ आपल्या कुत्र्यास काम देतो, भाकरी देतो आणि सोबतही देतो. आपणां सुशिक्षितांच्या घरी त्या मुक्या प्राण्यास ह्याहून कमी मिळू नये, इतकीच विनंती करून मी आपली रजा घेतो.