जैवविघटनशील प्लॅस्टिक आणि सागर : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
जैवविघटनशीलता हा प्लॅस्टिकचा अंगभूत गुण मानला जातो. वस्तुतः विघटन हे पदार्थाइतकेच परिसरावर अवलंबून असते, हे या प्लॅस्टिकच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

ऐतिहासिक आढावा :
१९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील मॉरिस लेम्वान यांना जीवाणूंमध्ये पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेट आढळले. जीवाणू ते अन्नसाठा म्हणून साठवितात. त्यामुळे सागरातील जीवाणूही विकरांच्या साहाय्याने त्याचे विघटन करू शकतात. पुढे मक्यापासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल अधिक प्रचारात आले. त्याच्या जलद विघटनास मात्र सुमारे ६० अंश सेल्सिअस तापमान व आर्द्रता लागते. ही स्थिती औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पात लाभते, थंड सागरात नाही.

२०१९ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील 'जैवविघटनशील' म्हणून विकली जाणारी पिशवी ३ वर्षे समुद्रात राहूनही सामान पेलू शकत होती. कंपोस्टयोग्य पिशवी समुद्रात ३ महिन्यांत नाहीशी झाली. मातीत मात्र ती २७ महिन्यांनंतरही शिल्लक होती.

निष्कर्ष :
संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०१५ च्या अहवालानुसार अशा प्लॅस्टिकमुळे सागरात जाणारा कचरा लक्षणीयरीत्या घटणार नाही. म्हणून वेष्टनावर केवळ 'विघटनशील' असे न छापता विघटन कोठे व किती काळात होते, हेही नमूद होणे आवश्यक ठरते.