बर्डनेट
बर्डनेट ही पक्ष्यांच्या आवाजांवरून त्यांच्या जाती ओळखणारी संगणक प्रणाली आहे. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि जर्मनीतील केमनिट्स तंत्रज्ञान विद्यापीठ यांनी ती विकसित केली. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक व साधा मायक्रोफोन वापरून अंगणातील पक्ष्यांची नोंद घरबसल्या ठेवता येते.

कार्यपद्धती
ध्वनिमुद्रणाचे ३ सेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाचा ध्वनिआलेख काढला जातो. ओळख पटलेल्या आवाजांवर प्रशिक्षित केलेले कृत्रिम चेताजाल त्यावरून संभाव्य जाती सुचवते व प्रत्येकीला ० ते १ यांमधील विश्वासांक देते. स्थळ आणि वर्षातील आठवडा कळवल्यास तेथे त्या काळी न आढळणाऱ्या जाती वगळल्या जातात.

मर्यादा
विश्वासांक म्हणजे अचूकतेची हमी नव्हे. भृंगराज इतर पक्ष्यांच्या हुबेहूब नकला करतो, त्यामुळे फसगत संभवते. नोंदींची संख्या ही पक्ष्यांचीही संख्या नसते. सतत टुकटुक करणारा एकच तांबट शेकडो नोंदी निर्माण करू शकतो. म्हणून दुर्मीळ जातीची नोंद मूळ मुद्रण ऐकून पडताळल्याखेरीज अभ्यासात ग्राह्य धरू नये. मायक्रोफोन माणसांचे संभाषणही टिपतो, त्यामुळे तो शेजाऱ्यांच्या खिडकीपासून दूर बसवणे इष्ट असते.